वेल्डला जाळी का पडते?

(सामुदायिक रेडिओवरचं बोलणं, छापण्यासाठी थोडं आवरून)

मागच्या महिन्यात इथं स्टुडिओच्या बाहेर एक ताई माझी वाट बघत उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी. मला वाटलं, भुईमुगाच्या शेंगा आणल्यात. पिशवीतून निघाला गेटच्या बिजागरीचा तुकडा, वेल्डमधून सरळ उखडलेला. तुटलेली बाजू उजेडात धरली, तर आत सगळी भोकंच भोकं. ताई म्हणाल्या, "वरून तर चांगलं दिसत होतं, मग आत असं कसं?"

अनारशाला अशी जाळी पडली की आपण शेजारणीला हाक मारून दाखवतो. वेल्डला पडली की रंगाखाली झाकतो. मीही झाकायला निघाले होते, म्हणून आधी माझंच सांगते.

आमचा अकराजणींचा गट. गावाबाहेर पत्र्याची शेड आहे, तिथं आम्ही शेळ्यांच्या गव्हाणी, गोठ्याची फाटकं, कडबाकुट्टीचे स्टँड करतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीनंतर आम्हाला अंगणवाडीच्या पाण्याच्या टाकीचं स्टँड करायचं काम मिळालं. पाचशे लिटरची टाकी, म्हणजे नुसतं पाणीच ५०० किलो. खाली नळ, आणि नळाखाली पोरं हात धुणार. पैसे फार नव्हते, पण गावातलं पहिलं सार्वजनिक काम होतं, म्हणून आम्ही खुशीत होतो.

स्टँड उभं राहिलं. रंगकाम आमच्या आक्का बघतात. साठीच्या आहेत, वेल्डिंगचं हेल्मेट त्यांनी कधी डोक्यावर घेतलं नाही. रेडऑक्साईड लावायच्या आधी त्या बोट फिरवत होत्या आणि म्हणाल्या, "अगं, इथं सुईच्या टोकाएवढी छिद्रं आहेत. इथंही. ह्या पायाला तर रांगच आहे." मी घाईत होते. म्हटलं, पुट्टी भरा आणि मारा रंग, बारीक तर आहेत. आक्का डबा खाली ठेवून म्हणाल्या, "वर इतकी दिसतात, तर आत किती असतील?"

मला राग आला, खरं सांगते. त्यांना गप्प करायला म्हणून मी त्याच अँगलचे दोन तुकडे घेतले, उलट्या टी सारखे एकावर एक उभे केले आणि एकाच बाजूने वेल्ड मारलं. व्हाइसमध्ये धरून उभ्या तुकड्यावर वेल्डच्या दिशेने हातोडा घातला. चांगलं वेल्ड असतं तर अँगल वाकला असता, वेल्डने बराच तग धरला असता. आमचं दुसऱ्या घावाला फुटलं. आत अनारसा.

काम आठ दिवस उशिरा गेलं. उशिराचे पैसे बिलातून कापले गेले. पण त्या आठ दिवसांत जे शिकलो, तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी ही वायर म्हणजे काय, ते सांगते. साधा वेल्डिंगचा रॉड तुम्ही पाहिलाय, त्याच्या अंगावर बाहेरून पावडरीचा थर असतो. फ्लक्स-कोअर वायरमध्ये ती पावडर पोटात असते, करंजीच्या सारणासारखी. वायर पोकळ, बारीक नळीच म्हणा. पेटली की सारण जळून त्याचा वायू होतो, तो वितळलेल्या लोखंडाभोवती हवा येऊ देत नाही. शिवाय वर खपली धरते, तिला स्लॅग म्हणतात. खपलीखाली लोखंड निवांत थिजतं.

आम्ही ही बिनगॅसची वायर निवडली ती वाऱ्यामुळे. आमच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, म्हणजे वारा कसा असेल बघा. सिलिंडरचा गॅस वापरून काम केलं की गॅस वाऱ्यावर उडून जातो आणि वेल्ड उघडं पडतं. बिनगॅसच्या वायरला तितकं होत नाही. म्हणून पंखा तोंडावर सोडून बसायचं असंही नाही. जोराचा वारा तिलाही बाधतो. शेडच्या दाराला आम्ही गोणपाट लावतो.

आता भोकं पडतात कशी? वितळलेल्या लोखंडात वायू शिरतो. हवेतला नायट्रोजन असतो, पाण्याची वाफ असते, रंग-तेल-गंज जळून निघालेला धूर असतो. तो वर यायला बघतो, बुडबुड्यासारखा. तेवढ्यात लोखंड थिजतं आणि बुडबुडा आत अडकतो. काही वरपर्यंत येतात, ते आक्कांच्या बोटाला लागले. बाकीचे पोटातच राहतात. म्हणून वरून गुळगुळीत दिसलेल्या वेल्डवर विसंबू नका.

आणि एक, ज्यावर आम्ही अर्धा दिवस वाया घालवला. भोकांवर पुन्हा एक ओळ मारली की भरतील असं वाटतं. भरत नाहीत. खालचा वायू नव्या वितळलेल्या लोखंडातून वर येतो आणि परत भोक पाडतो. ग्राइंडरने सगळं सच्छिद्र लोखंड काढायचं, स्वच्छ धातू लागेपर्यंत, आणि मग नव्याने मारायचं. पुट्टीचं तर बोलूच नका. ती पहिल्या पावसात सुटते, भोकात पाणी जातं, आणि गंज आतून सुरू होतो.

मग कारण शोधायला बसलो. इथं एक शिस्त आक्कांनीच घालून दिली. आमटी बिघडली म्हणून मीठ, तिखट, चिंच सगळं एकदम घातलं, तर नेमकं काय चुकलं होतं ते कधी कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नमुन्याचा तुकडा मारायचा, फोडून बघायचा, खडूने त्यावर लिहून ठेवायचं.

पहिला तुकडा होता तसाच. भोकंच भोकं.

दुसऱ्यासाठी मशीनचं झाकण उघडलं. आत प्लस आणि मायनसच्या दोन खुट्या असतात. बिनगॅसच्या वायरला बहुतेक वेळा गन मायनसला लागते आणि अर्थचा क्लॅम्प प्लसला. गॅसवर चालणाऱ्या वायरला याच्या उलट. आमचं मशीन श्रावणात शेजारच्या एका दादांनी गॅसच्या कामाला नेलं होतं. त्यांनी त्यांच्या कामापुरती जोडणी बदलली आणि तशीच परत दिली. चूक त्यांची नाही, परत आलेलं मशीन तपासायचं काम माझं होतं. जोडणी सरळ केली, तर ठिणग्या निम्म्या झाल्या, आवाज बदलला, गोळा होऊन बसणारी ओळ पसरट झाली. भोकं कमी झाली, पण गेली नाहीत. म्हणून सांगते, वायर घेताना डब्यावरचा नंबर बघा. टी-११ किंवा टी-जीएस असेल तर बिनगॅसची. नुसतं टी-१ असेल तर तिला गॅस लागतोच, गॅसविना ती मारली तर जाळीशिवाय काही हाती येणार नाही. आणि टी-जीएस एकाच थरासाठी असते. त्यावर दुसरा थर चढवायचा नाही. टाकीच्या स्टँडसारख्या कामाला, जिथं थरावर थर द्यावा लागतो, तिथं टी-११ घ्या. डब्यावर गन कोणत्या खुटीला लावायची तेही छापलेलं असतं. दुकानदार म्हणेल सगळं एकच आहे. त्यांचं ऐकून घ्या आणि डबा वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा, आम्ही तसंच केलं.

तिसऱ्या तुकड्याला अँगल घासून चकचकीत केला. आमचा माल भंगारातून निवडून आणलेला होता, त्यावर गंज आणि जुना ऑइलपेंट. काहीजण म्हणतात, ही वायर गंजावर चालते. थोड्या गंजावर चालते, पण चालते आणि टिकते यात फरक आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंनी इंचभर तरी लोखंड पांढरं दिसायला हवं. नवा पाईप असला तरी त्यावर तेलाचा हात असतो, तो चिंधीने पुसून घ्यायचा. जोडाच्या मागच्या बाजूचा रंगही काढा, कारण तोही तापून जळतो आणि त्याचा धूर फटीतून पुढं येतो. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तिसऱ्यातही भोकं होती. विखुरलेली, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. मी वैतागले. तेवढ्यात एका पोरीने मशीनवरच्या रिळाकडे बोट दाखवलं. वरच्या दोन-तीन फेऱ्यांवर तांबूस डाग. आषाढात बसवलेलं रीळ भाद्रपदापर्यंत मशीनवरच होतं. आपला पट्टा दुष्काळी, पण परतीचा पाऊस येतो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीलाही घाम फुटतो. पोकळ वायर तो ओलावा पोटात घेते. चौथा तुकडा बंद पाकिटातून काढलेल्या नव्या रिळाने मारला. फोडायला सहा घाव लागले, आणि आत लोखंड करड्या रव्यासारखं, एकही छिद्र नाही. जुन्या रिळाच्या वरच्या फेऱ्या काढून पाहिल्या, तरी एखाददुसरं छिद्र निघतच होतं. शेवटी ते रीळ बाजूला टाकलं. वाईट वाटलं, पैसे मोजून घेतलेलं. पण टाकीखाली पोरं उभी राहणार होती.

आता आम्ही काम संपलं की रीळ काढतो आणि घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवतो. औषधांच्या आणि चपलांच्या खोक्यात ओलावा शोषणाऱ्या ज्या छोट्या पुड्या येतात, त्याही आत टाकतो. चुलीवर किंवा उन्हात पत्र्यावर रीळ वाळवायला जाऊ नका, रीळ प्लॅस्टिकचं असतं.

तेव्हा आमच्याकडे एक नव्हे, तीन कारणं एकत्र आली होती. एकच सापडलं की माणूस थांबतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता हाताचं. मशीन बरोबर आणि हात चुकीचा असला तरी भोकं येतात. आपण शेणाने सारवताना हात स्वतःकडे ओढत मागं सरकतो ना? तसंच. ही वायर ओढायची. गन किंचित मागं कललेली, उभ्यापासून दहा-पंधरा अंश, आणि वितळलेलं तळं गनच्या मागं मागं येत राहायला हवं. पुढं ढकललं तर स्लॅग तळ्याच्या पुढं पळतो आणि त्याच्यावरच लोखंड बसतं. मग आत खपली अडकते.

गनच्या टोकातल्या टिपेपासून लोखंडापर्यंतचं अंतर आम्ही सुतात मोजतो. चार ते सहा सूत, म्हणजे अर्धा ते पाऊण इंच. नवी बाई हमखास गन जवळ नेते, तिला वाटतं जवळ म्हणजे पक्कं. बिनगॅसच्या वायरला ते चालत नाही. तेवढी वायर बाहेर असली तरच ती पेटण्याआधी तापते आणि पोटातलं सारण नीट काम करतं. फार लांब नेलं तर वायर लुळी पडते, ओळ उंच आणि थंड बसते. आमच्याकडच्या एका ताईंनी अंगठ्याच्या नखाचं माप धरलंय. त्यांचं नख बरोबर पाच सुताचं आहे. तुमचं मोजून बघा.

व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त ठेवलं की ज्वाला लांबते आणि तळ्यात हवा शिरायला जागा मिळते. कमी ठेवलं की वायर ठेचा खात लोखंडावर आपटते. आमच्या शेडमध्ये सकाळचं माप दुपारी चालत नाही, कारण विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की वीज खाली येते. म्हणून लाईट बदलली की आधी भंगारावर एक ओळ मारून बघायची आणि मगच मालाला हात लावायचा. मशीनला पन्नास फुटांची बारीक वायर जोडून अंगणात नेऊ नका, तेवढ्या वायरमध्येच वीज खाल्ली जाते.

डोळा कुठं ठेवायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या उजेडाकडे बघतात. बघायचं उजेडाच्या मागं, तळ्याकडे. तळं रुंद होतंय का, कडेला भिडतंय का, यावर हाताचा वेग ठरतो. फार भरभर गेलात तर लोखंड थिजण्याआधी वायूला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तसंच रेंगाळलात तर पातळ पाईपला भोक पाडाल, पण ते वेगळं भोक!

वायर ढकलणारे रोलर दातेरी असावेत आणि दाब बेताचा असावा. ही वायर पोकळ आहे, जोराने आवळली की चपटी होते आणि टिपेत अडकते.

भोकं कुठं पडलीत, तेही बघा. नुसती सुरुवातीला असतील, तर मागच्या वेळचा वायरच्या टोकावरचा गोळा तसाच राहिलाय. प्रत्येक वेळी पक्कडने टोक तिरकं कापून मग सुरू करा. एकाच जागी झुबका असेल, तर तिथं रंग किंवा तेल राहिलंय. ओळभर सारखी असतील, तर जोडणी, वायर किंवा व्होल्टेज तपासा. खपली काढल्यावर गांडूळ सरपटल्यासारख्या लांब खुणा दिसल्या, तर वायू खपलीखाली अडकलाय. व्होल्टेज थोडं कमी करा, गन थोडी लांब धरा, वायर ओली आहे का बघा. आणि चौकोनी पाईपचं तोंड झाकण लावून बंद करताना अगदी शेवटच्या टोकालाच भोक पडत असेल, तर हात चांगला आहे. आतली हवा तापून फुगते आणि बाहेर पडायला तीच एक जागा उरते. पाईपला आधी न दिसणाऱ्या बाजूला बारीक भोक पाडून ठेवा, तिथून हवा जाईल. पेट्रोल-डिझेल-रॉकेलच्या ड्रमला मात्र भोक असो नसो, कधीच हात लावायचा नाही. रिकामा दिसला तरी आत वाफ असते आणि ड्रम फुटतो.

धुराबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण या वायरचा धूर जास्त असतो. धूर तोंडावरून जाऊ देऊ नका. वारा बाजूने येईल असं बसा आणि डोकं धुराच्या वर धरू नका. जीआय पाईप म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला. जोडाजवळचा तो मुलामा मास्क लावून घासून काढल्याशिवाय मारायचं नाही. जस्त जळून वेल्डला भोकं तर पडतातच, पण संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आमच्यातल्या दोघींना भरला होता. दूध प्यायलं की धूर उतरतो असं सगळे सांगतात. दूध प्या, अंगाला चांगलं आहे, पण छातीतला धूर त्याने निघत नाही. साडीवर काम करणाऱ्यांनी वरून सुती फुलशर्ट घाला, पदर आत खोचा. नायलॉनची साडी ठिणगीने अंगाला चिकटते. हेल्मेट घातल्याशिवाय बाजूला उभ्या राहून बघणाऱ्या पोरींनाही रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. त्यांना आधी लांब करा.

अंगणवाडीच्या स्टँडचे सगळे जोड आम्ही घासून परत मारले. एका पायाचं वेल्ड तीनदा काढावं लागलं. टाकी बसवून भरली त्या दिवशी मी दुपारभर तिथंच बसून होते, कोणी विचारलं तर म्हणत होते, नळ गळतो का ते बघतेय.

ते चार फोडलेले नमुने आमच्या शेडच्या भिंतीवर तारेत ओवून टांगलेत, खडूच्या आकड्यांसकट. नवी बाई शिकायला आली की आक्का तिला आधी ते बोटाने चाचपायला लावतात. तुमच्याकडे एखादा फुटलेला जोड असेल तर घेऊन या, पुढच्या गुरुवारी मी इथंच आहे.